इंजिन ऑइलची गळती: उगम कसा शोधावा आणि दुरुस्ती कशी करावी

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की लक्ष जाते ते थेंब पडला त्याच्या बरोबर वरच्या भागाकडे, आणि शोध तिथूनच भरकटायला लागतो. इंजिनातून बाहेर आलेले तेल उतार मिळेल तसे ओघळत जाते, गाडी धावत असताना समोरचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि शेवटी ते इंजिनाच्या सर्वांत खालच्या कडेवरून, बहुधा चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या) एखाद्या बोल्टच्या डोक्यावरून, टपकते. चेंबर ओला दिसला म्हणून चेंबरचे गॅस्केट (जोडातून तेल बाहेर येऊ न देणारी पट्टी) बदलले आणि गळती मात्र होती तशीच राहिली, हा प्रकार गॅरेजमध्ये नित्याचा आहे. खरे काम उगम शोधण्याचे आहे. तो नक्की सापडला तर बहुतेक गळत्यांची दुरुस्ती त्यामानाने सोपी असते.

सर्वप्रथम गळणारा द्रव इंजिन ऑइलच आहे याची खात्री करून घ्यावी. रात्री गाडी उभी करताना इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा आणि पुढच्या चाकांची जागा त्यावर खुणेने दाखवावी, म्हणजे सकाळी थेंब डावीकडे पडले की उजवीकडे, पुढे की मागे, हे कळते. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे आणि बोटांना बुळबुळीत लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल बहुधा लालसर असते, गिअर ऑइल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, तर कूलंट हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी असतो आणि त्याचा वास गोडसर असतो. एसी चालवल्यानंतर पडणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) पाहावी. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तेल जास्त भरले गेले आहे आणि आधी ते काढावे लागेल. पातळी सतत घटत असेल, पण बाहेरून सगळे कोरडे असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर तेल गळत नसून इंजिनातच जळत आहे. तो विषय वेगळा. चालत्या गाडीत ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा दिसताच थांबून इंजिन ताबडतोब बंद करावे आणि गाडी ओढूनच न्यावी.

शोधाआधी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडीखाली शिरायचे असेल तर ती नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. सपाट आणि कठीण जमिनीवर, चाकांना अडण्या लावून, जॅक स्टँडवर टेकवलेली गाडी हाताने जोर लावून हलवून पाहावी आणि मगच खाली जावे. वापरलेले ऑइल त्वचेला अपायकारक असल्याने हातमोजे घालावेत.

जुन्या, धूळ चिकटून काळ्या झालेल्या तेलाच्या थरात ताजी गळती ओळखू येत नाही, म्हणून इंजिन धुणे ही पायरी टाळता येत नाही. अल्टरनेटर, हवेच्या फिल्टरचे तोंड, इग्निशन कॉइल आणि वायरींचे कनेक्टर प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकावेत, डिग्रीझर फवारून थोडा वेळ मुरू द्यावा, ब्रशने घासावे आणि पाणी कमी दाबाने सोडावे. उच्च दाबाच्या फवाऱ्याने पाणी कनेक्टरमध्ये शिरले तर गळतीच्या जोडीला विजेचा बिघाड पदरात पडतो. इंजिन पूर्ण वाळल्यावर ते चालू करून गरम होऊ द्यावे, जवळपास थोडे फिरून यावे आणि लगेच बॉनेट उघडून टॉर्चने पाहावे. पाहताना एकच नियम पाळावा: जो ओला भाग सर्वांत वर आणि सर्वांत पुढे आहे, तिथून शोध सुरू करावा. दिसत नसलेल्या मागच्या कडांसाठी लांब दांडीचा छोटा आरसा उपयोगी पडतो. मोबाइलचा कॅमेरा खाली धरून घेतलेले फोटोही बरेच काही सांगून जातात.

गळती अगदी सावकाश असेल तर दोन युक्त्या आहेत. संशयित जोडावर, इंजिन थंड आणि बंद असताना, साधी टाल्कम पावडर भुरभुरावी. इंजिन चालल्यावर तेल जिथून झिरपते तिथे पांढऱ्या पावडरीत आधी एक बारीक करडी रेघ उमटते आणि ती खालच्या बाजूला रुंद होत जाते. त्या रेघेचे वरचे टोक म्हणजे उगम. दुसरी युक्ती अधिक खात्रीची आहे: इंजिन ऑइलसाठी मिळणारा अतिनील रंग बाटलीवरील प्रमाणात तेलात मिसळावा, दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवावे आणि अंधारात अतिनील टॉर्च मारावा. बाहेर आलेले तेल पिवळट हिरवे चमकते. मात्र तेल भरताना सांडलेले थेंबही तितकेच चमकतात, म्हणून भरण्याच्या तोंडाभोवती आधी पुसून घ्यावे.

उगम सापडला तरी पाना उचलण्यापूर्वी ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या आतला वायू बाहेर काढणारा मार्ग, तपासावा, कारण याच कारणाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच निसटून क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) येतो आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून तो परत इनटेककडे ओढला जातो. हा मार्ग काजळीने आणि चिखलासारख्या तेलाने तुंबला की आतला दाब वाढतो आणि जिथे सील सर्वांत कमजोर असेल तिथून तेल बाहेर ढकलले जाते. अशा इंजिनात नवे गॅस्केट घातले तरी काही दिवसांनी दुसरीकडून गळती सुरू होते. पेट्रोल इंजिनात याची चाचणी सोपी आहे: गरम इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चालू असताना तेल भरण्याचे झाकण काढून तोंडावर पातळ कागद धरावा. तो हलकेच आत ओढला गेला तर मार्ग मोकळा आहे. वर फडफडला तर दाब साचत आहे. झाकण काढल्यावर आयडल किंचित अडखळले तर घाबरू नये, आणि काही इंजिनांत तोंडातून तेलाचे शिंतोडे उडतात म्हणून चेहरा दूर ठेवावा. सुटा व्हॉल्व्ह काढून हलवला असता खुळखुळायला हवा. आवाज आला नाही तर तो बदलावा. अनेक नव्या इंजिनांत हा व्हॉल्व्ह टॅपेट कव्हरमध्येच (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणात) पडद्याच्या रूपात असतो आणि तिथे बऱ्याचदा अख्खे कव्हर बदलण्याची वेळ येते. ब्रीदर स्वच्छ असूनही दाब राहत असेल, तर रिंगा झिजल्याची शंका घेऊन कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

नुकतेच ऑइल बदललेले असेल तर संशयाचे पहिले मानकरी ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टर. ड्रेन बोल्टखालचा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही, म्हणून तो दर वेळी नवा घालावा. गळते म्हणून बोल्ट आणखी आवळत गेल्यास अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात आणि मग आट्यांचा इन्सर्ट बसवावा लागतो. फिल्टर काढताना त्याची जुनी रबरी रिंग कधी कधी ब्लॉकलाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसला तर सुरुवातीला सगळे ठीक वाटते, पण दाब वाढताच तेल फवाऱ्यासारखे बाहेर येऊन इंजिन काही मिनिटांत रिकामे होऊ शकते. बैठक बोटाने चाचपून, नव्या रिंगेला तेल लावून फिल्टर हातानेच बसवावा आणि रिंग टेकल्यानंतर सुमारे पाऊण फेरी फिरवावी. ऑइल प्रेशर स्विच गळत असेल तर त्याच्या वायरीच्या कनेक्टरमध्येच तेल सापडते. तो बदलण्याचे काम लहान आहे.

वरून होणाऱ्या गळतीत टॅपेट कव्हरचे गॅस्केट सर्वांत नेहमीचे आणि घरी करण्याजोगे आहे. कव्हर काढण्याआधी भोवतालची धूळ साफ करावी, कारण ती आत पडली तर थेट कॅमशाफ्टवर जाते. कॉइल आणि वायरींवर खुणा करून त्या सोडवाव्यात, बोल्ट बाहेरून मध्याकडे थोडे थोडे सैल करावेत, आणि चिकटलेल्या कव्हरला रबरी हातोडीने हलके ठोके द्यावेत. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्यास अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा पडतो आणि तो नवा गळका मार्ग ठरतो. जुने गॅस्केट हातात घेऊन पाहावे: ते चपटे होऊन कडक झालेले असते आणि वाकवताच काड्कन तुटते. बैठक प्लास्टिकच्या खरवडणीने साफ करून स्पिरिटने पुसावी. रबरी गॅस्केट कोरडेच बसवायचे असते. सिलिकॉन सीलंटचा लहानसा ठिपका फक्त टायमिंग कव्हर आणि हेड यांच्या सांध्यावर आणि अर्धगोल कोपऱ्यांवर, मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तिथेच, लावावा. सगळीकडे सिलिकॉनची जाड वळी ओढण्याची सवय घातक आहे, कारण आत दबलेला जादा भाग सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. स्पार्क प्लगच्या नळ्यांचे सील आणि बोल्टखालचे रबर त्याच वेळी बदलावेत. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळावेत. अनेक गाड्यांत ही मर्यादा 8 ते 12 न्यूटन मीटर इतकी कमी असते, आणि त्याहून जास्त जोर लावला तर कव्हर वाकते.

क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या सीलसाठी पुली उतरवावी लागते. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर खुणा जुळवण्याचा अनुभव नसताना हे काम हाती घेऊ नये, आणि तेलात भिजलेला बेल्ट पुसून परत घालू नये. शाफ्टवर नखाला जाणवेल अशी खाच पडली असेल तर नवे सीलही गळेल. तिथे दुरुस्तीची स्लीव्ह बसवतात. साध्या रबरी सीलच्या ओठाला तेल लावून ते बसवतात, पण टेफ्लॉनचे सील कोरडेच बसवायचे असते.

मागच्या क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल टपकताना दिसले की हाच निष्कर्ष घाईने काढला जातो, पण टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेवरून किंवा प्रेशर स्विचमधून ओघळलेले तेलही नेमके त्याच जागी येते. म्हणून वरचे सगळे कोरडे असल्याचे पावडरीने किंवा रंगाने सिद्ध झाल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवण्यास होकार देऊ नये. तो उतरवल्यावर मात्र क्लच प्लेट तेलाने भिजली आहे का, हे पाहून घ्यावे.

तेलात ओतायची गळतीरोधक रसायने कडक झालेले रबर थोडे फुगवून झिरपणे काही काळ कमी करतात. फाटलेले गॅस्केट किंवा गेलेले आटे त्याने सुधारत नाहीत. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल पडून जळका वास येत असेल तर आग लागण्याचा धोका असतो. तिथे असा तात्पुरता उपाय करून गाडी चालवत राहू नये.

दुरुस्तीनंतर सीलंट ट्यूबवर दिलेल्या वेळेपर्यंत वाळू द्यावे, तेल योग्य खुणेपर्यंत भरावे, इंजिन काही मिनिटे चालवून जोड पाहावा आणि नंतर पातळी पुन्हा तपासावी. पुसलेल्या जागी लांबच्या फेरीनंतर आणि नंतर काही दिवसांनी पुन्हा टॉर्च मारावा. इतरत्र अडकलेले जुने तेल एखाद-दोन दिवस टपकू शकते, म्हणून पहिल्याच थेंबाला काम फसले असे समजू नये. काढलेले तेल गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात भरून, वापरलेले ऑइल स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावे.