बारा तास खुर्ची गरम करण्यापेक्षा

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पहिलं वर्ष मी रोज बारा तास बसले. राज्यघटनेचं पुस्तक पिवळ्या हायलायटरने रंगवून काढलं, आणि पेपरात कलम 17 की 18 इथेच गाडी अडली. (17 म्हणजे अस्पृश्यता नष्ट, 18 म्हणजे किताब, पदव्या रद्द. आता झोपेतही सांगेन.)

आता पद्धत वेगळी. प्रकरण वाचलं की पुस्तक मिटायचं आणि पाठकोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं. सुरुवातीला चारच ओळी येतात, लाज वाटते; वाटू द्या. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनाने भरा. हेच पुन्हा उद्या, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगाने होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 सालीच दाखवलंय.

दिवसाला तीनच कामं, तीही नेमकी: ‘इतिहास करणे’ नव्हे, ‘1857 वरचे 30 प्रश्न’. रविवारची दुपार कोरी ठेवा, आठवड्याचं राहिलेलं तिथे उरकतं.

जेवणानंतर वीस मिनिटं डुलकी, गजर लावूनच. रात्री अकराला दिवा बंद. चहाला खाली उतरताना मी मोबाईल वरच ठेवते. मैत्रिणी चिडतात, चिडोत.