बांधकामाच्या जुन्या फोटोची तारीख कशी काढायची

फोटोखाली छापलेली तारीख लगेच खरी धरू नका, बऱ्याचदा ती नंतर कुणीतरी अंदाजाने टाकलेली असते. त्यापेक्षा इमारतीकडे बघा, ती रोज थोडी थोडी वर चढत असते आणि किती चढलीय त्यावरूनच तारीख निघते.

वॉशिंग्टनचं कॅपिटल, म्हणजे अमेरिकेच्या संसदेची इमारत घ्या. जुना लाकडी घुमट १८५५ मध्ये उतरवला, मग त्या जागी बिडाचा नवा घुमट चढत गेला आणि २ डिसेंबर १८६३ ला टोकावर पुतळा बसला. म्हणजे टोकावर पूर्ण पुतळा दिसतोय तर फोटो त्यानंतरचा, वाद संपला. मधल्या काळासाठी लिंकनच्या पहिल्या शपथविधीचा, ४ मार्च १८६१ चा फोटो शेजारी उघडून ठेवा, त्यात मागे अर्धवट घुमट दिसतो आणि वर परांची. तुमच्या फोटोतलं काम त्याच्या खाली आहे का वर, एवढंच आधी ठरवा. तरीही अडलात तर दोन्ही बाजूंच्या विंगसमोरचे खांब मोजा, घुमट सारखाच वाटला तरी तिथे फरक सापडतो.

फाइल मात्र सगळ्यात मोठी डाउनलोड करा, लायब्ररी ऑफ काँग्रेस (अमेरिकेचं राष्ट्रीय ग्रंथालय) बऱ्याच फोटोंची टिफ, म्हणजे बारकावे न गमावणारी मोठी फाइल देते, छोट्या जेपेगवर हे काम होतच नाही. झूम करून चारही कोपरे बघा, काचेच्या निगेटिव्हवर खरवडलेला नंबर किंवा तारीख कधीकधी तिथेच असते. कुठे पाटी असेल तर अक्षरं सरळ आहेत ना तेही बघा, कारण निगेटिव्ह उलटी स्कॅन झाली की पूर्व-पश्चिम बदलते आणि सावलीवरून काढलेली वेळ साफ चुकते. दिशा पक्की असेल तर पूर्वेच्या भिंतीवर ऊन म्हणजे सकाळ, झाडं बोडकी म्हणजे हिवाळा.

साइट रिकामी दिसली म्हणून काम बंद होतं असं अजिबात समजू नका! त्या काळच्या ओल्या प्लेटला (रसायन लावलेली काच, ओली असतानाच फोटो घ्यायचा) काही सेकंद एक्सपोजर लागायचं, हलणारा माणूस पुसट व्हायचा किंवा उमटायचाच नाही. त्या धूसर डागांवर जरा थांबा, घुमट उभा करणारी माणसं तीच आहेत आणि बहुतेकांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत.

शेवटी नोंद करताना एकच तारीख ठोकून देऊ नका, ‘मार्च १८६१ नंतर, डिसेंबर १८६३ च्या आधी’ असं लिहा आणि कशावरून ते पुढे एका ओळीत टाका, म्हणजे पुढच्याला तपासता येईल.