कोल्हापुरात नवीन आहात? पेठेतल्या लोकांकडून दुकानाचं, हॉटेलाचं खरं मत कसं काढून घ्यावं

कोल्हापुरात चारचौघांत ‘चांगली मिसळ कुठं मिळते?’ असं विचारून बघा. वाद सुरू होईल आणि तुम्ही उपाशी राहाल. कसबा बावड्याचा माणूस बावडा मिसळ सांगणार, उद्यमनगरात काम करणारा फडतरेंचं नाव घेणार, खासबागेजवळ राहणारा म्हणणार की एवढ्या लांब जायचंच कशाला. सगळंच ‘एक नंबर’, सगळंच ‘नाद खुळा’. शिकायला, नोकरीला किंवा बदलीवर इथं आलेल्याला यातून काय कळणार? माणसाचं मत आणि त्याच्या पेठेचा अभिमान एकाच वाक्यात बाहेर पडतात. म्हणून मत विचारायच्या फंदात पडू नका, सवय विचारा.

आधी प्रश्न बदला

‘मटण कुठलं भारी?’ याला उत्तर म्हणून भाषण मिळतं. ‘काका, रविवारी तुमच्या घरात मटण कुणाकडनं येतं?’ याला मात्र एकाच दुकानाचं नाव मिळतं, आणि त्या नावामागे कित्येक वर्षांचे रविवार असतात. इथला माणूस मटणाच्या बाबतीत चेष्टा खपवून घेत नाही. २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा लोकांनी कृती समित्या काढल्या आणि खरेदीवर बहिष्कार टाकला. दर आणि दर्जा या दोन्हींवर एवढं बारीक लक्ष ठेवणारं गिऱ्हाईक जिथं दर आठवड्याला रांगेत उभं राहतं, तिथं तुम्ही डोळे झाकून जा.

हॉटेलासाठी दोन प्रश्न लागतात. पहिला, ‘पाहुणे आले तर जेवायला कुठं नेता?’ दुसरा, ‘घरात कोण नसलं तर तुम्ही एकटे कुठं जेवता?’ दोन्हींची उत्तरं बहुतेक वेळा वेगळी येतात. पहिल्यात बसायची जागा, एसी, गाडी लावायची सोय असं सगळं धरलेलं असतं. दुसऱ्यात फक्त जेवण. तुम्हाला रोज जेवायचं असेल तर दुसरं नाव लिहून घ्या. गावाकडून आई-वडील येतील तेव्हा पहिलं काढा. थाळीचं विचारताना एक पुरवणी प्रश्न जोडा: तांबडा-पांढरा रस्सा परत मागितला तर वाढपी न सांगता आणून देतो, की तोंड बघत उभा राहतो?

माणूस आणि वेळ निवडा

सकाळी रंकाळ्यावर फिरायला येणारी मंडळी बोलायला मोकळी असतात. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर, समोर म्हशीची धार काढून दूध मिळतं तिथं, थांबलेल्या माणसाला घाई नसते. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं खाण्यात दर्दी, पण पेठेचा झेंडा तिथं सगळ्यात उंच. त्यांना दुसऱ्या पेठेतलं काय आवडतं ते विचारा. शिवाजी पेठेतल्या माणसानं मंगळवार पेठेतल्या गाड्याचं कौतुक केलं तर ते मत वजनदार समजा.

रिक्षावाल्या मामांना ‘हॉटेल सांगा’ म्हणू नका, ‘तुम्ही दुपारी कुठं जेवता?’ म्हणा. किराणा, पिठाची गिरणी, भाजी यांचं मात्र पुरुषांना विचारून उपयोग नाही. जिन्यात भेटणाऱ्या काकूंना विचारा. कुणाची डाळ निवडावी लागते आणि कोण जोंधळा जाडसर दळून देतो, हे त्यांना पाठ असतं.

विद्यापीठाच्या बाजूला किंवा राजारामपुरीत मेस शोधत असाल तर दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी गाठा. पहिल्या वर्षाचा अजून घरच्या जेवणाशी तुलना करतोय, शेवटच्या वर्षाचा कशालाच नावं ठेवेनासा झालाय. दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही चव विचारू नका. रविवारी संध्याकाळी मेस चालू असते का, गावी गेलं तर खाडे धरतात का, आणि उशिरा गेल्यावर भाजी शिल्लक असते की आमटीत पाणी वाढतं, एवढं विचारलं की पुरे.

उत्तर चाळून घ्या

‘आता पहिल्यासारखं राहिलं नाही’ हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जुन्या दुकानाबद्दल ऐकू येईल. लगेच ‘कशानं?’ म्हणून विचारा. ‘मिसळीच्या कटाला पूर्वीचा वास नाही’, ‘शेव मऊ लागते’, ‘आता दुसऱ्यांदा कट मागितला की पैसे लावतात’ असं काही नेमकं आलं तर ते धरा. नुसतं ‘आमच्या वेळी’ आलं तर तो माणूस स्वतःच्या तरुणपणाबद्दल बोलतोय. ऐकून घ्या, चहा सांगा, पुढे चला. आणखी एक खूण: ‘बरं हाय’ एवढंच म्हणून समोरच्यानं विषय बदलला, तर त्या दुकानाचा मालक त्याचा पाव्हणा किंवा शेजारी आहे असं समजायला हरकत नाही.

मग स्वतः जाऊन बघा

मिसळीला दोनदा जा: एकदा सकाळी उघडल्या उघडल्या, एकदा दुपार व्हायच्या आधी, कट संपत आल्यावर. दोन्ही वेळी चव तीच लागली तर लोकांचं मत खरं. इथं मिसळीबरोबर ब्रेडच्या स्लाइस येतात. पावाची सवय असेल तर त्यावरून हॉटेलाला गुण कापू नका. भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक लावलेला आहे का तेही बघा. परवान्यानं चव येत नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर तो क्रमांक लागतो.

चप्पल घ्यायला गेलात तर स्थानिक ओळखीचा माणूस बरोबर असावा. भाव सांगतानाचा सूर तेवढ्यानंच बदलतो. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी प्रत्येक दुकानातली प्रत्येक जोडी हातानं शिवलेली असेलच असं नाही. म्हणून ‘भारी चप्पल कुणाची?’ यापेक्षा ‘तुमची जुनी चप्पल उसवली तर कोण शिवून देतो?’ हा प्रश्न कामाचा. जो दुरुस्त करून देतो त्याला स्वतःच्या मालाची खात्री असते.

सोन्याच्या बाबतीत मात्र लोकांच्या मतावर थांबू नका. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, एकेका घराचे सराफ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात आणि तो विश्वास खोटा नाही, पण तो त्यांच्या आजोबांनी कमावलेला आहे, तुमच्या नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, सक्तीचा आहे. साज घ्या नाहीतर अंगठी, तो क्रमांक दुकानातच भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून बघा. चांगला सराफ रागावत नाही.

किराणा दुकान पारखायला माझ्या मते एकच प्रश्न पुरतो: ‘महापुरात यांनी दर वाढवले होते का?’ ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, महामार्ग बंद पडला. दूध, भाजी, पेट्रोल, पिण्याचं पाणी सगळ्याचीच टंचाई झाली. त्या दिवसांत कुणी उधारीची वही उघडी ठेवली आणि कुणी दुधाच्या पिशवीला जास्तीचे पैसे घेतले, हे पूर आलेल्या गल्लीत कुणालाही विचारा. नावासकट सांगतील.

तुमचंही मत द्या, पण रीतीनं

मीठ जास्त पडलं असेल तर आधी गल्ल्यावर सांगा. ‘मामा, आज रस्सा खारट झालाय’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी दुसरी वाटी येते. शेजाऱ्याला सांगताना वार, वेळ, काय खाल्लं आणि किती पैसे दिले हे सांगा. एका दिवसाच्या अनुभवावर ‘तिथं जाऊच नका’ म्हणू नका.

आवडलं तर नुसतं कौतुक करू नका, परत जा आणि चौघांना घेऊन जा. या गावात तशी मोठी परंपरा आहे. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हे चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक फिरकत नव्हते. राजर्षी शाहू महाराज गाडी थांबवून तिथला चहा स्वतः प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला.

दुकानदारानं पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले आणि बोलूनही ऐकलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. बिल मात्र मागून घ्या. ‘छोटं सामान आहे, बिल कशाला’ असं म्हणतील, तरीही घ्या.