ॲपमधून कमाई करायचीय? प्लॅटफॉर्म निवडताना या चुका टाळा

‘अँड्रॉइड करू की आयओएस? पैसा कशात जास्त?’ नवे डेव्हलपर हे विचारतात तेव्हा बहुतेकांचं उत्तर मनात ठरलेलं असतं: फोन जिकडे जास्त, पैसा तिकडे जास्त. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. जगातल्या दहापैकी साधारण सात स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात, पण ॲप, सबस्क्रिप्शन आणि ॲपमधल्या खरेदीवर लोक जो पैसा मोजतात, त्यात ॲपलचं ॲप स्टोअर (आयओएस म्हणजे आयफोनसाठीचं) वर्षानुवर्षं अँड्रॉइडच्या गूगल प्लेच्या पुढे आहे. शिवाय त्या अँड्रॉइड फोनांमध्ये चीनमधले फोनही मोजलेले असतात. तिथे गूगल प्ले चालतच नाही. हुआवे, शाओमी अशा कंपन्यांची स्टोअर्स वेगळी आणि प्रत्येकाची प्रक्रियाही वेगळी.

हे वाचून ‘मग आयओएसच’ म्हणणारेही तितकेच घाईत असतात.

आधी ठरवायचं ते हे की पैसे कोण देणार आणि कशासाठी. दरमहा पैसे भरून वापरायचं कामाचं साधन असेल, तर मी डोळे झाकून आयओएसपासून सुरुवात करायला सांगेन. जाहिरातींवर चालणारा साधा गेम असेल तर संख्येला महत्त्व येतं आणि अँड्रॉइडचं पारडं जड होतं. मात्र जाहिरातीचा दर देशागणिक इतका बदलतो की नुसत्या डाउनलोडच्या आकड्यावरून कमाईचा अंदाज बांधता येत नाही. आणि ॲपमधून प्रत्यक्ष वस्तू विकणार असाल, तर त्या विक्रीवर दोन्ही स्टोअर्स कमिशन घेत नाहीत. तिथे ‘कमाईचा प्लॅटफॉर्म’ हा वादच उरत नाही, तुमचं गिऱ्हाईक कोणता फोन वापरतं एवढंच बघायचं.

कमिशनचा हिशोब अजूनही सरसकट ३० टक्क्यांनी मांडणारे भेटतात. वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमाई असलेल्यांसाठी ॲपलने जानेवारी २०२१ पासून १५ टक्क्यांचा दर आणला, पण त्यासाठी अर्ज आपणच करायचा असतो. तो न करता जास्त कापलं जातं म्हणून कुरकुरण्यात अर्थ नाही. गूगलनेही जुलै २०२१ पासून पहिल्या १० लाख डॉलरवर १५ टक्के दर ठेवला. काही देशांत न्यायालयांमुळे आणि नव्या कायद्यांमुळे हे नियम बदलताहेत, तेव्हा दरपत्रक प्रकाशनाच्या वेळी पुन्हा वाचा.

सुरुवातीच्या खर्चात फरक आहे: गूगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९, वर ॲपलच्या मॅक संगणकाची सोय. स्वस्त म्हणून अँड्रॉइड निवडणाऱ्यांना पुढे एक अडथळा लागतो. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ही माणसं आधीच जमवा.

प्लेवर आणखी एक सापळा आहे. एकदा मोफत दिलेलं ॲप नंतर विकत देता येत नाही. ‘आधी लोक जमवू, मग किंमत लावू’ हा बेत तिथे फसतो. मग उरतो मार्ग ॲपमधल्या खरेदीचा, नाहीतर नव्या नावाने नवं ॲप काढण्याचा.

फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह (एकाच कोडमधून दोन्हीकडची ॲप बनवणारी साधनं) वापरलं म्हणजे दोन्हीकडे फुकटात पोचलो, हाही भ्रमच. कोड एक असला तरी पडताळणी, पेमेंटची जोडणी आणि तक्रारींना उत्तरं देणं, सगळं दुप्पट होतं. एकट्याने काम करत असाल तर एकच स्टोअर धरा.

ॲप बाजारात आहे, डाउनलोडही आहेत, पण पैसा नाही? लगेच दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे धावू नका. आधी देशवार आकडे काढा, मग आठवड्यानंतर किती जण परत येतात ते पाहा. लोक टिकतच नसतील तर दोष ॲपचा आहे. ते टिकतात पण पैसे देत नाहीत असं दिसलं, तर किंमत, पैसे मागण्याची वेळ आणि मोफत काय देता हे तिन्ही तपासा, एका वेळी एकच बदलून. एवढं करूनही पैसे देणारे कमीच राहिले आणि ‘आयफोनवर कधी येणार?’ असं लोक आपणहून विचारू लागले, तर दुसऱ्या स्टोअरचा खर्च करायला हरकत नाही.