टॉक्सिन वाहून नेणाऱ्या फेजचे जिनोम वाचायचेत? माझे दोन आठवडे कसे वाया गेले ते आधी वाचा

एमएस्सी मायक्रोच्या शेवटच्या सेमला मला प्रोजेक्ट मिळाला तो फेजच्या जिनोमवर, म्हणजे जे व्हायरस बॅक्टेरियात शिरतात आणि जाताना त्याला टॉक्सिनचा जीन देऊन जातात ते. लॅबमधे केमिकलला पैसे नव्हते, सिक्वेन्स एनसीबीआयवर (अमेरिकेचा जीनचा ऑनलाइन डेटाबेस) फुकट मिळतो, त्यामुळे मॅडम म्हणाल्या घरूनच कर. मग काय, सांगलीत घरी जुना लॅपटॉप घेऊन बसलो. आता ज्युनियर पोरं विचारतात सुरुवात कुठून करू, म्हणून लिहितोय.

मी कॉलऱ्याच्या एन१६९६१ स्ट्रेनचा अख्खा जिनोम उचलला (दोन क्रोमोसोम असतात त्याला, हे पण तेव्हाच कळलं), प्रोफेज (बॅक्टेरियाच्या डीएनएत झोपून राहिलेला फेज) शोधणाऱ्या एका वेबसाईटला दिला, रंगीत चित्र आलं, पीपीटीत टाकलं. मॅडमनी एकच विचारलं, "ह्यात इंटिग्रेज कुठाय रे?" पुस्तकात तर लिहिलेलं की फेज स्वतःच्या इंटिग्रेज नावाच्या एन्झाइमने होस्टच्या, म्हणजे बॅक्टेरियाच्या, डीएनएत घुसतो, मग दोन आठवडे मी तो जीन शोधत बसलो. आई एकदा म्हणाली काय शोधायलाईस रं एवढं, मी म्हटलं घरात शिरायची किल्ली सापडत नाही. "मग मालकाचीच वापरत असंल की." अन खरंच तसंच निघालं! सीटीएक्स फायकडे (कॉलऱ्याचा टॉक्सिन जीन आणणारा फेज) इंटिग्रेज नाहीच, क्रोमोसोम सुटे करायला बॅक्टेरियाकडे झेरसी आणि झेरडी ही एन्झाइम असतात तीच तो वापरतो.

म्हणून सांगतो, सॉफ्टवेअरच्या आधी एक छोटा फेज घ्या आणि हाताने वाचा. सीटीएक्स फाय बेस्ट, जेमतेम ७ हजार बेसचा आहे, वाल्डोर आणि मेकॅलॅनोस ह्या शास्त्रज्ञांनी १९९६ ला दाखवला. मी नकाशा ए४ कागदांवर काढून सेलोटेपने जोडलेला आणि कलर पेन्सिलने जीन रंगवलेले. नावांवर मात्र विश्वास ठेवू नका, त्यातल्या झॉट (झोन्युला ऑक्लुडेन्स टॉक्सिन) जीनच्या नावातच टॉक्सिन आहे पण फेजला तो लागतो स्वतःचे कण बनवायला.

खरी मजा आहे टॉक्सिनचा जीन कुणाच्या शेजारी बसलाय ते बघण्यात. ९३३डब्ल्यू हा ई. कोलाय ओ१५७ मधला फेज, ६१,६७० बेसचा, त्यात शिगा टॉक्सिनचे जीन क्यू जीनच्या (फेजचे शेवटच्या टप्प्यातले जीन चालू करणारा) पुढे आणि पेशी फोडणाऱ्या जीनच्या अलीकडे आहेत, म्हणजे फेज जागा झाला की टॉक्सिन पण बनतं आणि पेशी फुटली की सगळं बाहेर. डीएनएला धक्का देणारं अँटिबायोटिक दिलं तर फेज जागा होतो, म्हणून ह्या इन्फेक्शनमधे डॉक्टर अँटिबायोटिक द्यायला कचरतात. हे पहिल्यांदा कागदावर दिसलं तेव्हा मी रात्री एक वाजता मॅडमना मेसेज टाकला (टाकू नका). कॉलऱ्यात उलटं, फेज पेशी न फोडताच बाहेर पडतो आणि टॉक्सिन कधी बनवायचं ते बॅक्टेरियाचा टॉक्सटी (जीन चालू करणारं प्रोटीन) ठरवतो. घटसर्पात जीन फेजचा (फ्रीमननी १९५१ ला दाखवलं की फेज दिला की साधा स्ट्रेन विषारी होतो) पण लगाम होस्टच्या डीटीएक्सआरकडे (जीन बंद ठेवणारं प्रोटीन), लोह कमी पडलं की सुटतो.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या फेजवर जागा फार कमी, पण लिनक्स आणि अॅनोटेशन (सिक्वेन्समधे कुठला जीन कुठे ते लिहिणं) हाताशी असलं की सिक्वेन्सिंगवाल्यांकडे विचारतात. नेट परीक्षेचा अभ्यास सोबत चालू ठेवा.

सुरुवात करताना सीटीएक्स फायचा नुसता सिक्वेन्स उतरवा, तयार अॅनोटेशन उघडू नका, ओआरएफ (प्रोटीन बनवू शकेल असा सिक्वेन्सचा तुकडा) स्वतः शोधा आणि मग ताडून बघा, दोन्ही स्ट्रँडवर हां. मला त्यातला आरएसटीआर जीन सापडलाच नव्हता, तो उलट्या दिशेने आहे आणि मी एकाच बाजूने वाचत होतो.