स्वयंपाकघराचं काम काढताय? आधी सिंक, शेगडी आणि चिमणीचं मॉडेल ठरवा

तोडफोडीची तारीख ठरवण्याआधी सिंक, शेगडी, चिमणी आणि फ्रिजची मापं हातात हवीत. ओट्यातला काप, नळाची जागा, सॉकेटची उंची हे सगळं त्यांवरच ठरतं. मॉडेल मागाहून बदललं की भिंत पुन्हा फोडावी लागते आणि बजेट तिथेच कोलमडतं.

तोडफोड, प्लंबिंग आणि वायरिंग, प्लास्टर, फरशी, मग कपाटं, हा क्रम मोडू नका. टाइल्स बसण्याआधी पाइपांची दाबाखाली गळती-चाचणी करून घ्याच, आणि उघड्या भिंतींचे टेप धरून फोटो काढून ठेवा. पुढे ड्रिल करताना पाइप वाचतो.

वेळापत्रक बहुधा कपाटांपाशी घसरतं. त्यांचं अंतिम माप प्लास्टर आणि फरशी झाल्यावरच घेता येतं, कारण जुन्या भिंती क्वचितच काटकोनात असतात. त्यानंतर कारखान्यात काही आठवडे जातात. हे थांबण्याचे दिवस आधीच धरा आणि तोवर दुसऱ्या खोलीत पाणी, सॉकेट आणि छोट्या शेगडीची सोय करा.

अंदाजाच्या वर १०–१५ टक्के राखून ठेवा, जुन्या घरात २०. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. शेवटचे १० टक्के सगळे ड्रॉवर, नळ तपासल्यावरच.