लाल कोळी : फवारणीआधी काय काय जमवायचं

होळीच्या सुमारास हवा कोरडी पडली की घरातल्या एरिका पामवर आणि क्रोटनवर लाल कोळी हा पानांतला रस शोषणारा बारीकसा जीव हमखास येतो. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसले की सगळ्यात आधी एक पांढरा कागद घ्या. तो पानाखाली धरून टिचकी मारा. पडलेल्या धुळीतले कण चालू लागले, तर शंका फिटली. जाळी दिसेपर्यंत वाट पाहू नका, तोवर फार उशीर झालेला असतो.

मग मोरी रिकामी करा. कुंडीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधा, नाहीतर माती वाहून जाते. झाड आडवं धरून हँड शॉवरचं जोरदार पाणी पानांच्या खालच्या बाजूने मारा, कारण कोळी राहतो तिथेच. एरिकाच्या पात्या देठाला जुळतात तिथल्या खाचा मात्र बोटांनीच चोळाव्या लागतात. वरवर पाणी शिंपडून काही होत नाही.

शुद्ध निंबोळी तेल, साधा द्रव साबण, मापाचं झाकण आणि बारीक तुषार उडवणारी बाटली जवळ ठेवा. लिटरभर पाण्याला 5 मिली तेल आणि 1-2 मिली साबण पुरतो. आधी थोड्या कोमट पाण्यात साबण, त्यात तेल. दुधाळ झालं की उरलेलं पाणी. तेल वर तरंगत असेल तर फवारू नका, पानं करपतात. कपड्यांची पावडर तर नकोच. आदल्या दिवशी एका पानावर मारून बघा. फवारणी ऊन उतरल्यावर करा आणि मिश्रण त्याच दिवशी संपवा. वास दोन दिवस राहतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

गंधक फवारलं असेल तर तेलासाठी दोन आठवडे थांबा. कोळी आठ पायांचा, कीटक नव्हेच. त्यामुळे मावा-तुडतुड्यांची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रजीवच मरतात.

माझ्या मते बाटलीपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचं. उन्हाळ्यात अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला जेमतेम आठवडा लागतो आणि एका फवारणीतून अंडी वाचतात. म्हणून दर पाचव्या दिवसावर खूण करून ठेवा, निदान तीन वेळा. तोवर ती कुंडी इतरांपासून लांब ठेवा, पानाला पान टेकता कामा नये. जाळ्यांनी भरलेल्या फांद्या छाटून पिशवीत घट्ट बांधा आणि थेट कचऱ्याच्या गाडीत द्या, खतात नको.